तुपाला ठसका नसतो

कुंडलिकबुवांनी श्वास चुकीच्या जागी घेतला, तो मी ऐकला.

मुलुंडच्या गव्हाणपाड्यात आमच्या गल्लीतल्या राममंदिरात बुवा दर एकादशीला कीर्तन करतात. माझी जागा पहिल्या ओळीत, डावीकडच्या खांबापाशी. एकोणीस वर्षं झाली. गजेंद्रमोक्षाचं आख्यान लागलं की शेवटी तो हत्ती, पाय मगरीच्या जबड्यात आणि सोंडेत कमळ, देवाला हाक मारतो. ती हाक बुवा एका दमात द्यायचे. झांज थांबायची, पेटी नुसता सूर धरून राहायची, आणि बुवांचा आवाज चढत जायचा. मी पदराखाली बोटांची पेरं मोजायची. बावीस. अंगात आलं तर तेवीस.

त्या एकादशीला हाक अकराव्या पेरावर तुटली. बुवांनी पटकन तबल्याकडे हात केला, तबलजीने जागा भरून काढली, लोकांनी टाळ्या दिल्या. कुणाला काही कळलं नाही. मी मात्र घरी येऊन ताट झाकून ठेवलं.

बुवा पोस्टातून निवृत्त झालेले. मूळ गाव सावंतवाडीकडचं, वडील परळला गिरणीत होते आणि कापसाच्या धुळीने खोकून खोकून गेले. त्यामुळे बुवांना खोकला आला की राधावहिनी, म्हणजे त्यांची बायको, हातातलं काम टाकून बघायला यायच्या. हा खोकला तसा नव्हता. कोरडा, लहानसा, पण जायचं नाव नाही. मग अंगात कसर. मग सदरा खांद्यावरून उतरायला लागला. फोटो काढला तर खाली दोन्ही बाजूंना डाग. थुंकीत काही सापडलं नाही, तरी टीबी धरून गोळ्या सुरू झाल्या. चार महिने बुवांनी त्या एकही न चुकवता घेतल्या. डाग होते तिथेच होते, उलट पसरले. मग मोठा फोटो निघाला, सीटी, आणि त्याच्या कागदावर कुणीतरी लिहिलं की गाठ असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

हे वाक्य सुयोगने, बुवांच्या मुलाने, मला जिन्यात वाचून दाखवलं. "नाकारता येत नाही म्हणजे काय ओ काकू? आहे की नाही ते सांगा ना सरळ!" ओरडत होता माझ्यावर, पण डोळे लाल होते.

त्यानंतर माझं एका जागी बसणं संपलं. जप करायला बसले की उठायची. गॅलरीत जायची. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बुवांची खिडकी. ती उघडी दिसली तर का उघडी, बंद दिसली तर का बंद.

छातीच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं तेव्हा राधावहिनींचे गुडघे धरलेले. त्या म्हणाल्या, "वसुधा, तू जा गं ह्यांच्याबरोबर. सुयोग भांडत बसेल. तुला लिहून घ्यायची सवय आहे."

सवय होतीच. बुवांची सगळी आख्यानं माझ्या वह्यांत आहेत. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी आता ताप, वजन, ऑक्सिजन लिहीत होते.

सुयोग तरीही बरोबर आलाच. निघताना मी पिशवीत वहीबरोबर तुपाची बाटली टाकली. महिना संपला होता, नवी द्यायचीच होती.

ह्या बाटलीचं सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी रामनवमीला बुवांचा आवाज फाटला होता. माझे वडील दशावतारात गायचे. ते निजताना नाकात गाईच्या तुपाचे दोन थेंब सोडायचे. मी कणकवलीहून भावाकडचं तूप मागवलं आणि बुवांना दिलं. बुवा हात मागे घेऊन म्हणाले, "ताई, गुरूंचा शब्द आहे. कीर्तनाच्या गादीवर उभा राहणाऱ्याने आवाज औषधाने राखायचा नाही. खडीसाखरेपलीकडे मी काही घेत नाही." मी म्हटलं, "अहो, औषध कुठे आहे हे? प्रसाद समजून घ्या."

प्रसाद म्हटल्यावर बुवांनी दोन्ही हात पुढे केले.

आवाज सुटला. की आपोआप सुटायचाच होता, देव जाणे. पण तेव्हापासून बुवा हाक लावायचे आणि मला खांबापाशी बसून वाटायचं की ह्यात माझंही थोडं आहे. दर महिन्याला एक बाटली. कुणाला सांगितलं नाही, मिरवलं नाही. मिरवलं नाही ह्याचाही एक आनंद असतो, तो मी घेत होते.

डॉक्टरीणबाईंचं नाव शीतल गायकवाड. पस्तिशीच्या असतील, केस घट्ट बांधलेले, बोलणं तडक. रुग्णालय लाल बहादूर शास्त्री मार्गावर. बाहेर हॉर्नचा कल्लोळ आणि आत थंडगार. बुवा दारापासून खुर्चीपर्यंत चालत आले तेवढ्यात त्यांच्या बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला. डॉक्टरांनी तो टिपून घेतला. मग प्रश्न सुरू झाले.

"घरात कबुतरं?"

"जाळी लावलीय," सुयोग म्हणाला.

"पोपट, लव्हबर्ड? भिंतीला ओल? कूलर?"

"नाही. नाही. नाही."

"पोस्टात असताना धुळीत काम?"

"पोती उचलली आहेत आठ-दहा वर्षं," बुवा म्हणाले.

"उदबत्ती, धूप?"

"लावतो की." बुवा जरा सावरून बसले. "आता देवावर आणता की काय, डॉक्टर?"

"देव सुटेल हो, त्याच्यावर केस नाही करत मी." त्या पहिल्यांदा हसल्या. "बुक्का लावता कपाळाला? तो फुंकर मारून उडवता वगैरे?"

"छे छे."

"टीबीच्या गोळ्या सोडून दुसरं काही औषध? आयुर्वेदिक, होमिओपॅथी, झाडपाला, घरचं काहीही?"

"औषध नाही," बुवा म्हणाले. "कधीच नाही."

मी वहीत लिहिलं: इतर औषध, नाही. माझ्याच हाताने लिहिलं. पेन अडखळलं नाही. खरंच सांगते, माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

डॉक्टरांनी सीटी पडद्यावर लावला. काळ्या-पांढऱ्या चकत्या एकामागून एक सरकत होत्या. त्या एका जागी थांबल्या, पांढऱ्या डागावर एक छोटं वर्तुळ काढलं, आकडा वाचला. दुसरं वर्तुळ. तिसरं. मग खुर्ची पुढे ओढली. मला वाटलं गाठ दिसली. सुयोगलाही तेच वाटलं असणार, कारण तो उभा राहिला.

"बसा," त्या म्हणाल्या. "ह्या फोटोत प्रत्येक गोष्टीला आकडा असतो. पाण्याचा शून्य. हाड, मांस, साधी गाठ, सगळं शून्याच्या वर. इथे बघा. उणे सत्तर. इथे उणे नव्वद."

"म्हणजे?"

"म्हणजे चरबी. स्निग्ध काहीतरी. फुप्फुसात ते असायला नको. आपोआप तयार होत नाही असं नाही, पण इतकं आणि असं खालच्या भागात साठलेलं असलं, तर बहुतेक वेळा बाहेरून गेलेलं असतं." त्या बुवांकडे वळल्या. "माझे आजोबा जलशात गायचे, घाटकोपरला. आवाजासाठी नाकात तेल सोडायचे. म्हणून विचारते. तुम्ही तेल, तूप, असं काही नाकात घालता?"

माझ्या मांडीवरची वही खाली पडली.

बुवांनी माझ्याकडे बघितलं. एकच क्षण. मग डॉक्टरांकडे बघून म्हणाले, "नाही."

एकोणीस वर्षांत मी त्या माणसाच्या तोंडून खोटं ऐकलं नव्हतं. आख्यानात धर्मराज अश्वत्थाम्याचं अर्धवट खरं बोलतो तिथे बुवांचा आवाज दर वेळी पडायचा, लाज वाटल्यासारखा. तो आता तसाच पडला. डॉक्टरांना कळायचं कारण नव्हतं. मला कळलं.

"नक्की?"

"बाबा, कुणी काही दिलं असेल तर सांगा हां," सुयोग म्हणाला. "असला भोंदूपणा कुणी केला असेल ना, तर मी त्याला सोडणार नाही. घरात घुसून विचारेन."

"कुणी काही दिलेलं नाही," बुवा म्हणाले. ह्या वेळी जास्त ठामपणे.

डॉक्टर परत पडद्याकडे वळल्या. "ठीक आहे. मग दुसऱ्या शक्यता बघाव्या लागतील. त्यात गाठ आली. दुर्बिणीने मिळणारा तुकडा पुरणार नाही, बरगड्यांमधून जाऊन फुप्फुसाचा तुकडा काढावा लागेल. पूर्ण भूल द्यायची. तुमचा ऑक्सिजन आत्ताच कमी आहे, तेव्हा धोका आहे, ते मी लपवणार नाही. काहींना नंतर श्वासाच्या यंत्रावरून काढणं जड जातं. पण निदानाशिवाय मी अंधारात औषध देणार नाही. मंगळवारी करू."

"करा," बुवा म्हणाले.

"मी जरा पाणी पिऊन येते," मी म्हटलं आणि बाहेर आले.

पाणी प्यायले नाही. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले, परत आले, परत गेले. पिशवीतली बाटली पायाला लागत होती. डोकं दोन्हीकडून बोलत होतं. दोन थेंबांनी काय होतंय? माझे वडील नव्वदीपर्यंत जगले की. बुवा स्वतः नाही म्हणाले, त्यांचा शब्द मी खोटा पाडू? चारचौघांत? आणि मग सुयोग. मग राधावहिनी. मग सगळी गल्ली म्हणेल, पहिल्या ओळीत बसायची ना ती, तिने घातलं बुवांच्या छातीत. खांबापाशी मला कोण बसू देईल? हे मनात आलं, ते लपवत नाही. बुवा मंगळवारी भूल घेऊन टेबलावर आडवे पडणार, आणि मला माझ्या खांबाची पडलेली.

बाटली नकोच, म्हणून मी कचऱ्याच्या डब्यापाशी गेले. तिथे तीन डबे. पिवळा, लाल, निळा. मी पिवळ्याचं झाकण उघडलं.

"ओ मावशी!" फरशी पुसणारी बाई फडकं टाकून धावत आली. छातीवर सोनूबाई असं नाव लावलेलं. "त्यात नाय टाकायचं. तो रक्ताबिक्ताचा हाय. काय हाय ते?"

"तूप."

"तूप?" तिने बाटली हातात घेऊन उजेडाला धरली. "अगं माय, चांगलं रवाळ हाय की. टाकता कशाला? खराब झालंय का?"

"नाही. चांगलं आहे."

"मग कुणाला तरी द्या. चांगलं तूप काय टाकायचं असतंय?" तिने बाटली परत माझ्या हातात ठेवली आणि फडकं उचललं.

कुणाला तरी द्या. मी बाटली घेऊन तशीच आत गेले.

सुयोग कागदावर सही करत होता. मी बाटली त्या कागदावर ठेवली. त्याचं पेन बाजूला सरकलं.

"हे मी देते बुवांना," मी डॉक्टरांना म्हटलं. "तीन वर्षं. नाकात सोडायला. औषध म्हणून विचारलं तर ते नाहीच म्हणणार. मीच त्यांना सांगितलं होतं, हे औषध नाही, प्रसाद आहे."

सुयोग कागदावरून माझ्याकडे वळला.

"काकू," सुयोग म्हणाला. "तुम्ही?"

"दोन थेंब म्हटलं होतं रे मी."

"तुम्ही? रोज घरी येऊन विचारायचात, आज ताप किती, आज वजन किती, आणि तुम्हीच..." तो खुर्चीला लाथ मारतोय असं वाटलं, पण ती नुसती सरकली.

"सुयोग, गप ऱ्हव," बुवा म्हणाले. चिडले की ते मालवणीत जातात. "तिची काय चूक नाय. ती थेंब म्हणाली. पळी माझी."

डॉक्टर पुढे झुकल्या. "कसली पळी?"

बुवा खाली बघत होते. "पूजेची. प्रसाद काय ड्रॉपरने मोजून घ्यायचा? तीर्थाच्या पळीने घ्यायचो. एकेका नाकपुडीत एक पळी."

"रोज?"

"रोज. झोपताना, आडवं पडून. आवाज बसलेला असला की दोन."

डॉक्टरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. बाटली महिन्यात संपते कशी, हे मला तीन वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. उलट बरं वाटायचं, बुवा मनापासून घेतात म्हणून.

"पण मग ठसका कसा लागला नाही?" सुयोग म्हणाला. "पाण्याचा थेंब गेला तरी माणूस खोकून मरतो."

"तेच तर," डॉक्टर म्हणाल्या. "पाण्याला ठसका लागतो. तुपाला, तेलाला ठसका नसतो. गळ्याला कळतच नाही. गुपचूप खाली उतरतं, आणि फुप्फुसाला ते पचवता येत नाही. तिथल्या पेशी गिळतात आणि गिळून बसून राहतात. त्याचीच सूज." त्यांनी सहीचा कागद बाटलीखालून काढून घेतला. "मंगळवारी मोठं काही करत नाही. दुर्बीण घालून थोडं पाणी सोडून परत ओढून घेऊ. त्यात तूप दिसलं तर प्रश्न मिटला."

"आणि नाही दिसलं तर?" मी विचारलं.

"मग परत बसू. आत्ता एवढंच, की आजपासून नाकात काही नाही. प्रसाद तोंडातून."

रिक्षात सुयोग पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. तिथे बसायला बंदी आहे, ड्रायव्हर बोललाही, पण त्याने ऐकलं नाही. मागे बुवा आणि मी. मी म्हटलं, "खोटं का बोललात?"

बुवा बराच वेळ श्वास जमवत होते. "तू त्याच्या तावडीत सापडली असतीस." मग थोड्या वेळाने, "नि तुझां तूप माका आवडायचां."

मंगळवारी दुर्बीण झाली. आत सोडलेलं पाणी परत ओढलं तर दुधासारखं पांढरं निघालं, आणि बाटलीत थोडा वेळ ठेवल्यावर वर पिवळसर तवंग जमला. हे सुयोगने राधावहिनींना सांगितलं, राधावहिनींनी मला. पेशी तपासल्या, त्या तुपाने टम्म भरलेल्या. गाठीचं काही नाही. थुंकीचे जंतू वाढवून पाहायचे राहिले होते, तेही स्वच्छ आले, टीबीच्या गोळ्या बंद झाल्या. काही आठवडे सुजेच्या गोळ्या, दर महिन्याला तपासणी. डॉक्टर म्हणाल्या होत्या, बरंच निघून जाईल, सगळं नाही. खालच्या बाजूला व्रण राहतील.

सगळं नाही, हे दोन शब्द घेऊन मी पाच महिने काढले. राधावहिनी फोन करायच्या, पण घरी ये म्हणायच्या नाहीत. सुयोग जिन्यात भेटला की मोबाइल कानाला लावायचा. एकादशीला मंदिरात दुसरे कुणी बुवा यायचे, ते काही माझ्या कानात शिरायचे नाहीत. मी मागे, चपलांच्या रांगेपाशी बसायची, आणि आरतीच्या आत निघून यायची. घरात फिरायची. खिडकी उघडी, खिडकी बंद.

सहाव्या महिन्यात फळ्यावर कुंडलिकबुवांचं नाव लागलं.

त्या दिवशी मंदिर भरलं होतं. बुवा गादीवर उभे राहिले. सदरा अजून सैल, पण चालत आले ते न थांबता. सुयोग तबल्याच्या मागे, बोटाचं यंत्र मुठीत घेऊन. पूर्वरंग लहान केला. आख्यानाआधी बुवांनी चिपळ्या थांबवल्या आणि लांब मागे बघितलं.

"वसुधाताई, तिकडे चपला राखताय काय? पुढे या. मोजणार कोण?"

लोक हसले. मला वाटायचं, पदराखालचं कुणाला दिसत नाही. मी उठले. लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत खांबापर्यंत आले. सुयोगने मान दुसरीकडे केली.

हत्ती पाण्यात उतरला. मगरीने पाय धरला. सोंडेत कमळ, आणि हाक. मी पेरं धरली. सात, आठ, नऊ, आणि तुटली. बुवांनी तबल्याकडे हात केला नाही. सगळ्यांसमोर, उघड, श्वास घेतला. लागला किती वेळ त्याला. परत हाक. सहाव्या पेरावर तुटली. परत श्वास. तिसऱ्या वेळी मी ऐकत राहिले आणि काही येईना, पेटी एकटीच सूर धरून होती, सुयोग अर्धा उठला, मी खांबाला धरून अर्धी उठले.

मग आली. लहान, थोडी खरखरीत, पण वर गेली. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. बुडणारा हत्ती असाच ओरडेल, एका दमात कुठला ओरडेल.

आरतीनंतर बुवांना प्रसाद द्यायला माणसं पुढे सरकली. मी खडीसाखर आणली होती, चार खडे, कागदात. बुवांनी दोन्ही हात पुढे केले, पण घेण्याआधी माझ्याकडे वाकून म्हणाले, "ह्यां खंयसून घेवचां, नाकातसून काय तोंडातसून?"

मी कागद उलगडायला गेले. चारातला एक खडा खाली पडला.

"तोंडातून, बाबा," सुयोग मागून म्हणाला. त्याने वडिलांचं बोट धरून त्यावर यंत्र चढवलं. आकडा स्थिरावेपर्यंत तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. मग त्याने बुवांचा हात, यंत्रासकट, माझ्या बाजूला वळवला.

ब्याण्णव.

"लिहून ठेवा," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. "वही आणलीय ना?"